एकाकी दीपगृह आणि वाळत घातलेले टॉवेल

दीपगृहाचे फोटो काढणाऱ्या माणसाला एकटेपणा हवा असतो. स्वतःला नव्हे, दीपगृहाला. खवळलेला समुद्र, काळे ढग, कातळाचं टोक आणि त्यावर वर्षानुवर्षं एकटाच उभा असलेला मनोरा, असं चित्र तो घरून निघतानाच डोक्यात घेऊन निघतो. फोटोखाली टाकायचं वाक्यसुद्धा त्याने ताम्हिणी घाटात ठरवून टाकलेलं असतं. आता त्या वाक्याला शोभेल असं दीपगृहाने वागायचं, एवढंच बाकी. नेमकं तिथेच अडतं.

कारण कोकणातलं दीपगृह एकटं नसतं. त्याच्या आवारात कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स असतात, क्वार्टर्सना गॅलऱ्या असतात, गॅलऱ्यांना दोऱ्या असतात आणि दोऱ्यांवर टॉवेल असतात. शेजारी जनरेटरची खोली, पाण्याची टाकी, सौरऊर्जेची पॅनलं आणि कुठल्याशा यंत्रणेचा लोखंडी जाळीचा उंच सांगाडा. कुंपणाला जास्वंद, जास्वंदीखाली कोंबड्या. आमचा माणूस कोन शोधत आवारभर फिरतो. टॉवेल टाळला की टाकी येते, टाकी टाळली की अर्धा मनोरा जातो. सांगाडा तर कुठूनही येतोच. शेवटी तो जमिनीवर आडवा होतो आणि करवंदीच्या जाळीत डोकं घालून वर कॅमेरा रोखतो. ही अवस्था मी दुसऱ्याची पाहून लिहितोय असं समजू नका. माझ्या सगळ्या शर्टांच्या कोपरांवर कोकणातली तांबडी माती कायमची बसली आहे.

जमिनीवर आडवं झाल्याने टाकी जाते खरी, पण वेगळीच अडचण उभी राहते. उंच वस्तूचा खालून फोटो काढला की तिच्या उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. परिणामी फोटोतलं दीपगृह मागच्या मागे कोसळायला निघालंय असं वाटतं. ते सरळ यायला हवं असेल तर आपण मागे सरकायचं. अजून मागे. अजून. पण दीपगृह बांधणाऱ्यांनी ते नेमकं टोकावर बांधलेलं असल्यामुळे मागे सरकायला जी जागा असते ती अरबी समुद्रात असते.

मुळात ही लांबून बघायची वस्तू आहे. तिचं सगळं सांगणं एवढंच, की इथे जमीन आहे, खडक आहेत, जरा अंतर राखून जा. हा निरोप वीसवीस सागरी मैलांवरच्या जहाजाला बिनचूक कळतो आणि ते जहाज मुकाट्याने लांबून जातं. निरोपाचे पैसेही भरतं. १९२७ च्या दीपगृह कायद्यापासून जहाजांकडून त्यासाठी आकार घेतला जातो. २०२१ मध्ये कायदा नवा आला, पण आकार सुटला नाही. आपण मात्र 'जवळ येऊ नका' असं ओरडणाऱ्या त्या वस्तूकडे तीनशे किलोमीटर गाडी हाकत जातो, तिकीट काढतो, कॅमेऱ्याचं वेगळं काढतो, आणि जाऊन तिच्या पोटाला नाक लावून उभे राहतो. वर तक्रार करतो, की फ्रेममध्ये मावत नाही.

या छंदातले लोक कामापेक्षा रूपावर भाळतात, हे बघायचं असेल तर गोव्याला आग्वादला जावं. किल्ला १६१२ चा. त्यात पोर्तुगीजांचं जुनं, गोल, चार मजली दीपगृह आहे. त्यातली घंटा, जी जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातून आणली होती, १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली. दिव्याचं काम १९७६ मध्ये शेजारच्या नव्या दीपगृहाने घेतलं. म्हणजे आज त्या म्हाताऱ्याकडे घंटा नाही, दिवा नाही, कसली जबाबदारी नाही. आणि फोटो सगळे त्याचेच! नवं दीपगृह रोज संध्याकाळी ड्युटीवर हजर होतं, इमानेइतबारे रात्रपाळी करतं, आणि लोक त्याच्याकडे पाठ करून निवृत्त माणसाबरोबर सेल्फी काढतात. सरकारी खात्यात एरवी याच्या बरोबर उलट चालतं.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. कोकणातली कितीतरी दीपगृहं किल्ल्यांवर चढून बसली आहेत. रत्नदुर्गाच्या सिद्ध बुरुजावर एक, देवगडच्या किल्ल्यात एक, हर्णैला कनकदुर्गावर एक, कोर्लईच्या गडाला खेटून एक. कारण उघड आहे. ज्या टोकावरून शत्रूचं गलबत आधी दिसतं, त्याच टोकावरचा दिवा सगळ्यांच्या गलबतांना आधी दिसतो. त्यामुळे एकाच बुरुजावर दोन जमाती समोरासमोर येतात. दुर्गप्रेमींना तटबंदी हवी असते आणि दीपगृह नको असतं, कारण ते शिवकालात नव्हतं. दीपगृहवाल्यांना दीपगृह हवं असतं आणि दुर्गप्रेमी नको असतात, कारण ते तीसजण असतात आणि सगळ्यांचे टीशर्ट एकाच रंगाचे असतात.

खांदेरीला तर हा तंटा बोटीतच सुरू होतो. थळच्या किनाऱ्यावरून दोन्ही जमाती एकाच होडीत बसतात. एका बाजूला १६७९ ची चर्चा चालते: महाराजांनी बेट बांधायला घेतलं, इंग्रजांनी अडवलं, सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. दुसऱ्या बाजूला १८६७ ची: तेव्हा बांधलेला मनोरा, त्याची उंची, त्याचं भिंग. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात खांदेरी आहे, हे पहिल्या बाजूने दुसऱ्या बाजूला मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं जातं. बेटाला सध्याच्या कागदोपत्री कान्होजी आंग्रे यांचं नाव असल्यामुळे दीपगृहही त्याच नावाचं आहे, हे दुसरी बाजू तितक्याच मोठ्याने सांगते. मग बेटावर उतरल्यावर वेताळाला नमस्कार होईपर्यंत युद्धबंदी असते आणि त्यानंतर पुन्हा, "अहो, जरा त्या तोफेजवळून बाजूला व्हा," "तुम्ही आधी त्या जिन्यावरून उतरा," असं चालू राहतं.

तिसरी जमात लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची. तिच्याविषयी न बोललेलं बरं. एवढंच सांगतो की वाऱ्याचा जोर, सहा मीटरचा घोळदार झगा आणि गॅलरीचं रेलिंग या तिघांचा मेळ बसायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपण जिन्यात उभे असतो.

जिन्याबद्दल बोलायला हवं. आतल्या गोल जिन्याला फोटोग्राफर 'स्पायरल' म्हणतात. ज्यांना गुडघे आहेत ते जिना म्हणतात. तो संपला असं वाटतं तिथे एक लोखंडी शिडी असते आणि शिडीच्या टोकाला छतात एक झरोका. हा झरोका ज्या कुणी आखला त्याने माणूस एकटा वर जाईल असं गृहीत धरलं होतं. पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी, पिशवीला बांधलेला ट्रायपॉड, गळ्यात दुसरी लेन्स, अशा अवस्थेत वर जाणारा माणूस कंबरेपर्यंत जातो आणि थांबतो. खालचा पर्यटक म्हणतो, "काका, चला ना." वरून दीपगृहाचा कर्मचारी म्हणतो, "आधी पिशवी द्या." पिशवी वर जाते, मागोमाग माणूस जातो.

वर काचेची खोली, आणि तिच्या आत ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते भिंग. त्यावर पडदा! दिवसा पडदे ओढलेलेच असतात. जे भिंग आतला छोटा दिवा क्षितिजापर्यंत पोचवतं, तेच भिंग बाहेरचा सूर्य गोळा करून आतल्या दिव्यावर आणून टाकू शकतं; पडदा नसेल तर दिवसाढवळ्या जाळ व्हायचा. कर्मचारी भला माणूस असला (बहुतेक असतात, दिवसभर समुद्राशी बोलून कंटाळलेल्या माणसाला श्रोता मिळाला की तो भला होतोच) तर पडदा बोटभर सारतो आणि सांगायला लागतो. फ्रेनेल नावाचा फ्रेंच इंजिनिअर होता. एवढा प्रकाश वाकवायचा तर एकसंध भिंग भिंतीएवढं जाड आणि अवजड व्हायचं. त्याने मधली बिनकामाची जाडी काढून टाकली आणि प्रकाश वळवणाऱ्या कडा तेवढ्या कड्याकड्यांनी रचल्या. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआंच्या दीपगृहात ते बसलं आणि नंतर जगभर गेलं. काही ठिकाणी ते कित्येक मणांचं काचेचं धूड पाऱ्यावर तरंगत ठेवत. बोटाने ढकललं तरी फिरायचं.

इतकं सगळं ऐकून फोटोग्राफर एकच प्रश्न विचारतो, "थोडं उजवीकडे फिरवता येईल का? चांगला ॲंगल मिळेल." आणि फोटो घरी येऊन मोठा करून बघितला की प्रत्येक लोलकात स्वतःचंच पोट दिसतं, काही ठिकाणी उलटं.

कर्मचारी आणि फोटोग्राफर यांच्यातलं सगळ्यात दुःखद अंतर रंगापाशी कळतं. मनोऱ्यावरचे काळेपांढरे किंवा लालपांढरे पट्टे नटण्यासाठी नसतात; दिवा नसताना, भर उन्हात, हिरव्यागार डोंगरापुढे मनोरा उठून दिसावा आणि हे अमुक दीपगृह हे खलाशाला ओळखू यावं म्हणून असतात. म्हणजे रंग हा दीपगृहाचा दिवसाचा उजेड. खाऱ्या वाऱ्यात तो टिकवणं हे कष्टाचं काम आहे. त्यामुळे "अगदी वेळेवर आलात साहेब, परवाच नवीन रंग झालाय," हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. आणि साहेबांचा चेहरा पडतो. त्यांना पोपडे हवे असतात. गंजाचे ओघळ, शेवाळ, उडालेला गिलावा, काळाचे घाव वगैरे. कर्मचारी मान खाली घालून सांगतो, "मागच्या बाजूला थोडा पट्टा राहिलाय, पण तोही पुढच्या आठवड्यात होईल." साहेब धावत मागच्या बाजूला जातात. आपल्या कामातला नेमका अर्धवट राहिलेला भाग बघायला कुणी मुंबईहून येतो, याचा अर्थ त्याला कसा लावायचा?

आता वेळेचं. दीपगृह बघायची वेळ साधारण दुपार कलल्यावरची, आणि सूर्य बुडायच्या आत गेट बंद. यात चुकीचं काही नाही, दिवा लावायच्या वेळी पायात पाहुणे नकोत. पण परिणाम असा, की या वास्तूचं जे एकमेव काम, ते सुरू होण्याआधी प्रेक्षकांना बाहेर काढतात. मग आमची मंडळी बाहेर सड्यावर ट्रायपॉड रोवून अंधाराची वाट पाहत बसतात. दिव्याखाली अंधार असतो हे आजीने सांगितलेलं तिथे पुरतं पटतं. भिंग सगळा प्रकाश आडवा क्षितिजाकडे फेकतं, कारण खाली उभ्या असलेल्या माणसाला वाट दाखवायचा त्याच्याशी कुणी करारच केलेला नाही. पन्नास किलोमीटरवरच्या टँकरला सगळं दिसतं आणि आपल्याला आपली चप्पल दिसत नाही.

सिनेमात दीपगृहाचा झोत आकाश कापत गरगर फिरतो. प्रत्यक्षात हवा स्वच्छ असेल तर तो झोत दिसतच नाही, नुसता दिवा चमकून जातो. झोत दिसायला हवेत धुकं, पाऊस, धूळ काहीतरी हवं. म्हणजे जी रात्र खलाशाला वाईट तीच फोटोग्राफरला चांगली. आणि धुकं पडलं की पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या काचेवर पडतं. बरं, शटर अर्धं मिनिट उघडं ठेवलं तर तेवढ्या वेळात फिरता झोत दोनतीनदा येऊन जातो आणि फोटोत त्याची नुसती साय धरते. अर्धं सेकंद ठेवलं तर झोत नेमका पलीकडे गेलेला. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची आपली लय ठरलेली असते. शेजारच्या दीपगृहाशी गल्लत होऊ नये म्हणून ती वेगळी ठेवतात. खलाशी मनात आकडे मोजून 'हे अमुक' असं ओळखतो. फोटोग्राफरही आकडे मोजतो. फक्त तो आठपर्यंत आला की एक डास कानात शिरतो आणि मोजणी पहिल्यापासून.

अशा वेळी मागून बॅटरीचा उजेड येतो. "कोण आहे तिकडे?"

किनाऱ्यावरच्या माणसाचा हा प्रश्न रिकामा नसतो. १९९३ मध्ये याच किनाऱ्यावर काय उतरवलं होतं हे गावाला चांगलं माहीत आहे, आणि २००८ मध्ये मुंबईत माणसं कुठल्या वाटेने शिरली हेही. त्यामुळे अंधारात, समुद्राकडे तोंड करून, तिपाईवर नळकांडं रोखून, तोंडाने आकडे मोजणारा परगावचा माणूस त्यांना कलावंत वाटावा अशी अपेक्षाच चूक. एकदा एका गावात आम्हाला आधारकार्ड, गाडीचे कागद आणि कॅमेऱ्यातले फोटो असं सगळं दाखवावं लागलं. तिघाचौघांनी मिळून ते फोटो एकामागून एक पाहिले. सगळे काळे. मधोमध एक पांढरा ठिपका. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क गृहस्थांनी कॅमेरा परत दिला आणि बाकीच्यांना म्हणाले, "सोडा त्यांना. यांच्याकडून काही होणार नाही."

देवगडच्या बाजूला एका आजोबांना तर फोटो बघायचीही गरज वाटली नव्हती. गडग्यावर बसून ते तासभर आमच्याकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "इतको वेळ कसले फोटो काढतास? तो काय खंय पळान जातलो?"

याच छंदातला सर्वांत गाजलेला फोटो फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचा आहे. डिसेंबर १९८९, ला झ्युमाँचं दीपगृह, तुफान वादळ. मागून प्रचंड लाट मनोऱ्याला दोन्ही बाजूंनी वेढा घालून उसळतेय आणि पुढच्या दारात राखणदार शांतपणे उभा आहे. ज्याँ गिशार यांनी तो हेलिकॉप्टरमधून काढला. आमच्या जमातीतल्या बहुतेकांच्या घरी तो भिंतीवर असतो, आणि 'निसर्गापुढे निश्चल माणूस' वगैरे बोलायला फार उपयोगी पडतो. खरी हकिकत अशी की राखणदार आत अडकून सुटकेची वाट पाहत होता. हेलिकॉप्टरचा आवाज आला, त्याला वाटलं आपल्याला न्यायला आले, म्हणून त्याने दार उघडलं. बघतो तर फोटोग्राफर! लाट दारावर आदळायच्या आत तो माघारी फिरला म्हणून वाचला. आमच्या छंदाने दीपगृहवाल्यांची जी सेवा केली तिचं याहून खरं चित्र दुसरं नसेल.

आपल्याकडे असा फोटो काढायचा तर पावसाळ्यात जायला हवं. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या, बेटांवर जायची सोय नाही. हेलिकॉप्टर परवडत नाही. उरतो घाटातल्या दरडी ओलांडून जमिनीवरून गाठायचा मनोरा, जो धुक्यात बुडालेला असतो. छत्री कॅमेऱ्यावर धरायची आणि स्वतः भिजायचं, असा तो सोहळा. बरोबर आलेल्या पत्नीवर छत्री नव्हती, हा मुद्दा आमच्या घरी अजून निकालात निघालेला नाही.

खांदेरीहून परतताना एकदा मी होडीच्या तांडेलाला विचारलं, इतकी वर्षं हे दीपगृह रोज बघता, कधी काही वाटतं का? तो म्हणाला, "दिवसा कशाला बघायचं? दिवसा घर दिसतंय की." मग जरा विचार करून म्हणाला, "आता मोबाइलवर जीपीएस आहे. पण बॅटरी उतरली की तोच." मी हे वाक्य फोटोखाली टाकायला वापरलं. त्याला नव्वद लोकांनी पसंती दिली. फोटो मात्र होडी हलल्यामुळे तिरका आला होता.

असंच एकदा एका दीपगृहावर सगळं मनासारखं जुळून आलं. ढग होते, वारा होता, सहल येऊन गेलेली होती आणि पुढची यायची होती. टॉवेल नव्हते. मी लांबच्या कातळावर उभा राहून मनोरा अगदी सरळ, संपूर्ण, एकाकी असा टिपला. खाली उतरलो तर गेटपाशी तिथले कर्मचारी कपडे बदलून, भांग पाडून उभे होते. "साहेब, एक आमचाही काढा ना. वीस वर्षं झाली नोकरीला, दीपगृहाबरोबर एक फोटो नाही."

मी आनंदाने मागे गेलो. पूर्ण मनोरा घ्यायचा म्हणून आणखी मागे गेलो, कातळ संपेपर्यंत. त्यांना पायथ्याशी उभं केलं, हात वर करायला सांगितलं, आणि उत्तम फोटो काढला. धावत येऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, उन्हाकडे पाठ केली आणि बराच वेळ पडद्यात शोधलं.

"छान आलाय," ते म्हणाले. "पण यात मी कुठाय?"

मी फोटो मोठा करून दाखवला. पायथ्याशी तिळाएवढा निळा शर्ट होता.

"जवळून काढा साहेब. दिवा नाही आला तरी चालेल."

मग त्यांना मनोऱ्याच्या भिंतीला टेकून उभं केलं आणि चार फुटांवरून काढला. मागे नुसती पांढरी भिंत. ती दीपगृहाची आहे की तहसील कचेरीची, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यांनी तो पाहिला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हां, हा आला बघा. हाच पाठवा. आणि खाली नाव लिहा, दीपगृह म्हणून."